वाजला तरी उघडू नका

सोमवार

आलो एकदाचा! ताईने मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती. खिडकीतून थेट यार्ड दिसतं. दाजींनी माझी बॅग हिसकावून घेतली आणि वाटेत जो भेटेल त्याला, हा आमचा मेव्हणा, मोठा इंजिनिअर, असं सांगत सुटले. मी आपला साधा इलेक्ट्रिशियन. नोकरीही लागली ती दाजींच्याच शब्दावर. ते याच यार्डात माल चढवतात.

काम मात्र माझ्या आवडीचं. इथे दूध, मासे, औषधं नेणाऱ्या थंड पेटीच्या गाड्या उभ्या असतात. प्रत्येक पेटीच्या पुढे कूलिंगचं युनिट, आणि गाडी उभी असली की ते यार्डातल्या थ्री-फेज प्लगवर चालतं. मोटर ट्रिप झाली, गरम झाली, जळाली, की मला हाक. ही वही शर्टाच्या खिशात राहील, पेन्सिल दोरीने बांधून. थंडीत पेन चालत नाही. रीडिंगही हिच्यात आणि शिव्याही हिच्यातच.

आधीचा इलेक्ट्रिशियन नोकरी सोडून गेला, असं दाजी म्हणाले आणि लगेच क्रिकेटवर घसरले.

बुधवार

निळ्या पेटीची मोटर सारखी ट्रिप होत होती. मोजलं तर तीन फेजपैकी एक अर्धीच येत होती. मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचा स्क्रू ढिला, वायरचं टोक काळंठिक्कर. ते कापून नवीन टोक बसवलं, तिन्हींचा करंट सारखा झाला. मोटर अशी मस्त गुणगुणायला लागली की ऐकत उभा राहिलो. काम करताना मी प्लग काढून त्याला स्वतःचं कुलूप घालतो, किल्ली माझ्या खिशात, मध्येच कोणी प्लग घालू नये म्हणून. यावर सगळे फिदीफिदी हसले. हसा लेको!

मग पेटीच्या आत गेलो आणि डोकंच फिरलं. आत कोणी अडकलं तर दाबायचं एक बटण असतं, बाहेर बझर वाजतो. त्याची वायर कापून वर टेप गुंडाळलेली. दार आतून उघडायची मूठ तुटलेली. तडक मॅनेजरकडे गेलो. त्याला सगळे थंडोबा म्हणतात, कारण आग लागली तरी तो चहा संपवूनच उठेल. म्हणाला, खोकी लागून बझर उगाच वाजायचा, म्हणून कापला. उगाच वाजायचा म्हणून कापला! अरे, माझे दाजी दिवसभर त्या पेट्यांत आतबाहेर करतात. त्यांना काही झालं तर ताईला तोंड कोण दाखवणार, तू? मी तिथल्या तिथे वायर जोडली. मूठ म्हणे मागवली आहे. येईल तेव्हा खरी.

शुक्रवार

निळ्या पेटीचा बझर वाजला. भर दुपारी, सगळ्यांसमोर. दाजींनी धावत जाऊन दार उघडलं. पेटी रिकामी. दार उघडताच आवाज बंद. मी बटण बदललं, वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. शॉर्ट नाही, ओल नाही. जेवण होतंय तोच पुन्हा सुरू. दाजी पुन्हा धावले. थंडोबा गालातल्या गालात हसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवार

दाजींची धावून धावून दमछाक झाली. दार उघडलं की वाजणं थांबतं, मग मी मोजू काय, कपाळ? फॉल्ट चालू असतानाच पकडावा लागतो, हे या शहाण्यांना कोण सांगणार! शेवटी यार्डात सगळ्यांसमोर दाजींवरच ओरडलो.

"बझर वाजला तरी दार उघडायचं नाही. मी सांगेन तेव्हाच उघडायचं!"

दाजींचा चेहरा पडला, पण मान डोलावली. माझा शब्द ते मोडत नाहीत.

सोमवार

बझर पुन्हा वाजला, पण कोणी दार उघडलं नाही. मी पुढे युनिटपाशी मीटर धरून बसलो होतो. बराच वेळ वाजला. सलग नाही, थांबून थांबून, दमल्यासारखा. मग गप्प झाला. आत जाऊन बटणच काढून टाकलं, वायरची दोन्ही टोकं लांब केली, टेप लावली. दार लावलं.

तरी वाजला.

संध्याकाळी ताईला खोदून विचारलं तर रडायलाच लागली. तो आधीचा इलेक्ट्रिशियन कुठे सोडूनबिडून गेला नव्हता. निळ्या पेटीत पंख्याची मोटर तपासत होता. कोणीतरी दार लावलं, प्लग घातला. बझरची वायर कापलेली. सकाळी दार उघडलं ते दाजींनी. आणि हे माझ्यापासून लपवलं! मी नोकरी नाकारेन म्हणून! दाजींशी अबोला धरला आहे. समोर आले तरी बघत नाही.

मंगळवार

प्लग जमिनीवर पडलाय. माझं कुलूप त्याला आहे. तरी निळ्या पेटीची मोटर फिरते आहे. मीटर बदलून पाहिला. तिन्ही फेज शून्य. फिरते, तीही उलटी.

थंडोबाला सांगितलं. म्हणाला, उद्या त्यात माल भरायचा म्हणजे भरायचा. भरणार कोण, तर दाजी. मी भरू देईन होय! ते यायच्या आत मी जाणार, बझरची वायर मुळापासून उपटणार, पेटी कायमची बंद करायला लावणार. दाजींना काही सांगितलेलं नाही. बोलतंय कोण त्यांच्याशी.

बुधवार

आत आहे. किल्ली खिशात. दार — मी नाही लावलं. आतून मूठ नाही.

पंखा सुरू झाला. प्लग तर —

मीटर शून्य. शून्य. गार वारा.

बटण जागेवर आहे. मी काढलेलं बटण. दाबलं. बाहेर वाजतोय, मला ऐकू येतोय —

दाजी आले! दाराला कान लावला, त्यांचाच आवाज. कोणीतरी म्हणालं, उघडू या का. दाजी म्हणाले,

"नको. मेव्हणा पुढे मोजत असेल. तो सांगेल तेव्हाच."

दाजी मी आत आहे

ओरडतोय. आत पंखा, बाहेर बझर, माझं काही ऐकू जात नाही. दारावर लाथा — जाड दार —

बोटं वाकत नाहीत. दाबतो, थांबतो, दाबतो. दमलो. थांबून थांबून —

हात खाली घेतला. लिहितोय. तरी वाजतोय.

बटणावर कोणाचा

दाजी उघ