तळमजल्यावरचे दालन आणि फोनमधली कवायत

प्रिय सहधर्मचारिणीस,

पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी करावी असा शिष्टाचार आहे. तुझ्या बाबतीत तो पाळावा तर प्रश्न निरर्थक ठरतो आणि न पाळावा तर उद्धटपणा होतो. म्हणून तुझी प्रकृती माझ्यापेक्षा बरी असणार असे गृहीत धरून पुढे जातो. माझे गुडघे, माझी पाठ आणि माझी मनःस्थिती ही तिन्ही सध्या एकमेकांशी बोलत नाहीत. कन्या व जावई आपल्या गावी सुखरूप आहेत. माझ्या थोरल्या भगिनी अक्का यांना दम्याखेरीज काही झालेले नाही, आणि दम्यामुळे त्यांचे बोलणे थोडे कमी होईल ही माझी आशा फोल ठरली आहे.

हे पत्र तक्रारीचे आहे. कोणाविरुद्ध, असे विचारशील तर सर्वांविरुद्ध. परंतु मुख्यत्वे चष्मेवाल्यांविरुद्ध. तू गेलीस, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या साथीमुळे सगळ्यांना घरात बसण्याचा हुकूम झाला. (तुला घरात बसवणे मला आयुष्यभर जमले नाही. सरकारला जमले असते का, हे पाहण्याची संधी तू त्यांना दिली नाहीस.) साहजिकच तळमजल्यावर, चष्म्यांच्या दुकानामागच्या दालनातला तुझा व्यायामवर्ग बंद पडला. सतरंज्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या, भिंतभर आरसा, आणि खुंटीवर तुझा टॉवेल, अशा स्थितीत मी ते दालन जपून ठेवले होते. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या. अशात एका सकाळी जागेचे मालक या नात्याने चष्मेवाले जिना चढून आले, तोंडाला फडके बांधून दारापासून चार हात दूर उभे राहिले आणि म्हणाले, “सर, हॉल रिकामा मिळाला असता तर बरं झालं असतं. घरच्यासाठीच हवा होता.”

घरच्यासाठी! ज्या गृहस्थाच्या घरात चष्म्यांची खोकी जेवणाच्या टेबलावर रचलेली असतात, त्याचे ‘घरच्यासाठी’ म्हणजे काय, हे मी तत्काळ ओळखले. तुझ्या दालनाची वखार होणार! मी त्यांना सविस्तर लेखी उत्तर दिले. त्यात भाडेकराराच्या मुदतीचा उल्लेख केला, सभ्यतेचा केला, आणि दालन ‘वापरात आहे’ असे ठामपणे नमूद केले. ते वाचून चष्मेवाले एवढेच म्हणाले, “बघा सर. घाई नाही काही.” आणि अतिशय घाई असल्यासारखे जिना उतरून गेले.

आता दालन वापरात आहे असे लिहून दिल्यावर ते वापरात असणे क्रमप्राप्त होते. परंतु ते वापरायचे कोणी? येथे दुसऱ्या तक्रारीचा संबंध येतो. एकांतवासात माझे मन खचू नये म्हणून कन्येने फोनवर एका व्यायामवीराची चित्रफीत पाठवली होती. तो तरुण कमरेपासून वर उघडा असून त्याला आवश्यकतेपेक्षा अधिक दात आहेत. प्रारंभीच त्याने ‘कसे आहात सगळे?’ असे विचारले. प्रश्न आला म्हणून मी खुर्चीतून उठून यथायोग्य उत्तर दिले. त्याने ते ऐकूनही घेतले नाही. पुढे तो उड्या मारू लागला आणि मध्येच ओरडला, ‘वा! फार छान करताय! मला तुमचा अभिमान वाटतो!’ त्या क्षणी मी चहात बिस्कीट बुडवत होतो. साऱ्या नोकरीत मी तंत्रशाळेत आरेखन आणि भूमिती शिकवली. आकृती पाहिल्यावाचून एकाही विद्यार्थ्यास ‘छान’ म्हटले नाही. कन्येला हे कळवले तेव्हा ती म्हणाली, “अहो बाबा, ते रेकॉर्ड केलेलं आहे. तो तुम्हाला पाहत नाही.” म्हणजे अपराध अधिकच गंभीर झाला, न पाहता, आगाऊ, ठोक भावाने केलेली स्तुती! शेवटी त्याने डोळे मिटून ‘आता स्वतःला घट्ट मिठी मारा’ अशी आज्ञा केली. माझ्या वयाच्या आणि माझ्या परिस्थितीतल्या मनुष्यास ही सूचना करण्यापूर्वी त्याने थोडी चौकशी करावयास हवी होती. मी फोन उशीखाली ठेवून दिला.

हाच तरुण कन्येने अक्कांनाही पाठवला होता. (तुझी कन्या औदार्यात तुझ्यावर गेली आहे.) अक्कांचा फोन आला. “बाळ्या, तो उघडाबंब पोरगा आम्हाला नको. आम्हाला वहिनीचा वर्ग पाहिजे. तू घे.”

मी म्हणालो, हे माझ्या अधिकारक्षेत्राबाहेरचे आहे.

“मग काय भिंत घेणार? घेईलही म्हणा. ती निदान तुझ्यासारखं तोंड पाडून उभी राहत नाही.”

अशा रीतीने, काही अंशी अक्कांच्या जिभेमुळे आणि मुख्यत्वे चष्मेवाल्यांचे तोंड बंद करण्यासाठी, मी रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून खाली जाऊ लागलो. फोन स्टुलावर उभा करून मी तुझ्या जागी उभा राही आणि तुझ्या दहापैकी तीन विद्यार्थिनी आपापल्या घरातून फोनच्या लहान लहान चौकटींत प्रकट होत. अक्का होत्या, पोस्टातल्या बाई होत्या, आणि चष्मेवाल्यांच्या पत्नी होत्या. या वहिनींना फोन कसा ठेवावा हे शेवटपर्यंत समजले नाही. त्यांच्या चौकटीत छताचा पंखा आणि अर्धे कपाळ एवढेच येई. यजमान जागा बळकावू पाहत असताना पत्नीने वर्गाला यावे, हे मला खटकले होते. परंतु मी सौजन्याने त्यांच्या पंख्यास रोज नमस्कार करीत असे.

तुझी शिकवण्याची परिभाषा मला मान्य नव्हती, हे तुला ठाऊक आहे. ‘वरच्या फळीवरचा डबा काढा’, ‘ओली चादर पिळा’, ‘रुसून मान फिरवा’ ही काय शास्त्रीय भाषा झाली? मी सर्व प्रकार नव्याने शब्दबद्ध केले. पहिल्या दिवशी ‘डावा पाय गुडघ्यात काटकोनात वळवून मांडी भूमीस समांतर धरावी’ असे वाचून दाखवले आणि पुढचे कलम वाचण्यासाठी चष्मा शोधू लागलो. तो खिशात नव्हता, स्टुलावर नव्हता. मला काय ठाऊक, की ‘मी “हं, झालं” म्हटल्याशिवाय कोणी पाय टेकायचा नाही’ असा तुझ्या वर्गात दंडक आहे! तू हा नियम कोठेही लिहून ठेवलेला नाहीस. मी सतरंज्यांमागे डोकावत असता स्टुलावरून आरोळी आली, “बाळ्या, मेल्या, पाय!” माझा पाय उत्तम आहे, असे मी आदरपूर्वक कळवले. वळून पाहतो तो अक्का कपाटाच्या दाराला लोंबकळत होत्या आणि पोस्टातल्या बाई पडद्यासकट पलंगावर आडव्या झाल्या होत्या. पंखा मात्र निश्चल होता. वहिनींचे कपाळ घामाने डबडबले होते, पण पाय त्यांनी टेकला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी डबा आणि चादर यांवर आलो. विज्ञानाची हानी झाली, परंतु पलंग वाचले.

आरशाची कथा निराळी. फोनसमोर मी आणि माझ्यामागे आरसा, त्यामुळे विद्यार्थिनींना मी दोन्ही बाजूंनी दिसत असे. पुढून माझा सदरा व्यवस्थित खोचलेला असे. मागून तो बाहेर येऊन वाऱ्यावर असे. पोस्टातल्या बाई (ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारले, त्यांनी माझ्यावरही मारायचे सोडले नाही) भर वर्गात म्हणाल्या, “सर, मागचे सर जरा मोकळे वाटतात. त्यांनाच शिकवू द्या की!” सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. मागच्या सरांचे मला सांगता येत नाही. मग त्याच बाई हळू आवाजात म्हणाल्या, “आणि तुम्ही बाजूला झालात ना सर, की आरशात सगळा रिकामा हॉल दिसतो. मग हात वर जात नाही हो.” मी उत्तर दिले की तसे असेल तर मी बाजूला होणार नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले, तो सांगतो. परवा मी नेहमीप्रमाणे ‘वर्ग समाप्त’ असे म्हटले. परंतु कोणीही फोन बंद करीना. हे रोजच होत असे आणि मी ते यंत्राच्या अज्ञानावर सोडून देत असे. परवा मात्र पोस्टातल्या बाई म्हणाल्या, “सर, विचारा ना.”

“काय विचारू?”

“आमच्या बाई वर्गाच्या शेवटी विचारायच्या ते. आज स्वयंपाकाला काय, म्हणून. एकेकीला.”

व्यायामवर्गात हा प्रश्न अप्रस्तुत आहे, असे माझे तेव्हाही मत झाले. तरीही विचारला.

“कालचंच गरम करणार,” अक्का म्हणाल्या. “विचारतोस तर असा, जसा काही आणूनच देणार आहेस!”

पोस्टातल्या बाईंनी दुधी आणला होता; तो मुले खाणार नाहीत आणि शेवटी त्यांनाच संपवावा लागणार, असे समजले. मग मी पंख्याकडे वळलो.

“दोन डबे,” वहिनी म्हणाल्या. “एक घरचा. एक हे नेऊन ठेवतात दवाखान्याच्या फाटकावर. धाकटीचा.”

मला आठवले की त्यांची धाकटी परिचारिका आहे. मी विचारले, फाटकावर का?

“घरी येत नाही ना ती. साथीचेच पेशंट तिच्याकडे. घरात सासूबाई नव्वदीच्या, खोल्या दोन. म्हणते, माझ्यामुळे आजीला काही झालं तर? तिथेच दोन खुर्च्या जोडून झोपते.”

यावर मी, अत्यंत गंभीरपणे आणि किंचित ठपक्याच्या सुरात, विचारले की तुम्ही तिच्यासाठी एखादी वेगळी खोली का पाहिली नाहीत.

वहिनींचा पंखा फिरत राहिला. मग अक्का म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, “बाळ्या, तू उभा कुठे आहेस बघ जरा.”

माझा संताप तुला समजू शकेल. ही वहिनी रोज सकाळी फोनमध्ये तेच दालन पाहत होती आणि माझ्या आज्ञेवरून वरच्या फळीवरचा डबा काढत होती! एका शब्दाने बोलली नाही. मी तडक जिन्यात जाऊन चष्मेवाल्यांना गाठले आणि जाब विचारला: खोकी ठेवायची नव्हती तर तसे स्पष्ट का सांगितले नाही? मुलीचे नाव का घेतले नाही? मला इतके सविस्तर पत्र लिहू का दिले? त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुमच्या दुःखात आमचं कुठे मध्ये आणायचं, सर.” सभ्य माणसाला निरुत्तर करण्याचा याहून असभ्य मार्ग मी पाहिलेला नाही.

तेव्हा माझी भूमिका पुढीलप्रमाणे आहे. दालन तुझे आहे. तेथे तू दहा जणींना सरळ उभे राहायला शिकवलेस. मी ते तुझ्या वतीने सांभाळीत असून तुझ्या संमतीवाचून त्यातली एक सतरंजीही हलवणार नाही. कोणी कितीही डबे फाटकावर ठेवोत, मी भावनेच्या आहारी जाऊन निर्णय घेणाऱ्यांपैकी नाही. फोनवरील कवायतीशीही आजपासून माझा संबंध संपला. कळावे.

तुझा आज्ञाधारक
(हे विशेषण तुझ्या हयातीत वापरण्याचा योग आला नाही)
पती

ता. क. १: उद्याचा वर्ग आपल्या स्वयंपाकघरातून होईल. टेबल भिंतीशी सरकवले आहे. येथे आरसा नाही. परंतु माझ्यामागे फळी आणि तीवरचे खरेखुरे डबे दिसतात, ते आजच फोनवर दाखवल्यामुळे अक्का समाधानी आहेत.

ता. क. २: आज वर्ग संपताना वहिनींनी उलट मलाच विचारले, “आणि तुम्ही काय करणार, सर?” मी ‘काही नाही’ असे सांगताच चारही चौकटींत जो गोंधळ झाला, त्याचे वर्णन करवत नाही. (चौथ्या चौकटीत कन्याही गुपचूप येऊन बसली होती.) उद्या मला ठोस उत्तर द्यावे लागणार. भाताला पाणी किती ठेवायचीस, हे मी कधी विचारले नाही. कोणत्याही मार्गाने कळवता आले तर कळव. अन्यथा पोस्टातल्या बाईंना विचारावे लागेल, आणि त्या ते वर्गात जाहीर करतील.

ता. क. ३: सतरंज्या वर आणल्या. टॉवेलही आणला, धुतलेला नाही. आरसा राहू दिला, चष्मेवाल्यांच्या धाकटीला केस विंचरायला लागेल. खिडकीपाशी वारा येतो, म्हणून खाट तेथे लावायला सांगितली आहे. मुलगी उद्या सकाळी येते. तू काय म्हणाली असतीस याचा पुष्कळ विचार केला. तू इतका विचार केला नसतास. दुपारी केर काढला, दार लावून कुलूप घातले, आणि दोन्ही किल्ल्या चष्मेवाल्यांना परत केल्या.