बच्चूची उजळणी

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबांची उजळणी घेतेस ते बरं करतेस, तेवढंच त्यांचं डोकं चालतं राहील." तुझ्यामागे कुणीतरी जेवायला हाका मारत होतं, म्हणून मी नुसतं "हो" म्हणून फोन ठेवला. पण दादा, ती उजळणी त्यांची नव्हती, माझी होती. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू "अगं, नंतर बोलू निवांत" म्हणाला असतास. तुझं ते निवांत कधी येतं, मला अजून कळलेलं नाही. म्हणून लिहितेय.

पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुते, हे तुला ठाऊक आहे. तू लोकांना सांगताना "बहीण लॅबमध्ये असते" एवढंच सांगतोस, तेही ठाऊक आहे. तिथे सहायकाच्या जागेसाठी आमच्यासारख्यांना परीक्षेला बसू देणार, अशी नोटीस लागली. नववी-दहावीचं भौतिकशास्त्र आणि त्यावरची गणितं. मी जुनं पुस्तक उघडलं. वस्तुमान आणि वजन यांत फरक काय, तेही धड सांगता येईना. घनता, दाब, वेग, सगळं कधीतरी ऐकलेलं, पण एकही धागा हाताला लागत नव्हता. आणि घरात आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस खिडकीशी बसून होता.

डॉक्टर म्हणालेच होते, त्यांना जे येतं ते बोलतं ठेवा. त्यांना आता वार आठवत नाही. आई कुठे गेली म्हणून विचारतात, मी बाजारात गेलीय म्हणते. शर्टाचं बटण कुठल्या काजात घालायचं हे रोज नव्याने दाखवावं लागतं. पण "बाबा, दाब म्हणजे काय?" असं विचारलं, की मान ताठ होते. म्हणून एकदा चहा झाल्यावर मी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, मला शिकवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छोटे, बच्चूला पाठव. आणि आणखी एक कप टाक."

तू दहावीत असताना बाबा त्यांच्या बच्चूला, म्हणजे तुला, शिकवायचे ते मी स्वयंपाकघरातून ऐकायचे, आठवतं? तुझ्यापुढे फळा, खडू, काट्याची तराजू. मी दाराशी घुटमळले की, "तुला काय कळणार त्यातलं, जा आईला हातभार लाव." शेजारपाजाऱ्यांना ते कौतुकाने सांगायचे, विज्ञानाचं डोकं सगळं मुलाकडे गेलं, मुलीकडे गोड गळा आला. मी गात नव्हते दादा. मला गाता कधी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी केस मागे घट्ट बांधले, समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, मी बच्चू." एवढंच. आणि ते शिकवायला लागले!

काय शिकवतात रे ते. आधी पुस्तक मिटायला लावायचे. अर्थ आपल्या शब्दांत सांग. मग एककं लिही. मग उत्तर अंदाजाने किती येईल ते बोल, आणि त्यानंतर आकड्यांना हात लाव. तासाला छत्तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर, हे मी पटकन तीनशे साठ म्हटलं तर हसून म्हणाले, "अरे, ती गाडी आहे की बंदुकीची गोळी?" नवा धडा घ्यायच्या आधी कालचं विचारायचे, परवाचं विचारायचे, आणि आठवड्यापूर्वीचं अचानक मध्येच. "काल कळलेलं आज आठवलं नाही, तर ते कळलंच नव्हतं असं समज." हे ते म्हणायचे, ज्यांना सकाळचं जेवण संध्याकाळी आठवत नाही. मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी लिहून घेत राहिले.

एकदा टाकीचं गणित घातलं. चार मीटर पाणी, तळाशी दाब किती? मी उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण गुणून एकोणचाळीस हजार दोनशे पास्कल काढले, एककासकट, न अडखळता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. या वयात, दादा, पहिल्यांदा. म्हणाले, "शाबास बच्चू! तुझ्या आईला म्हटलं होतं ना मी. त्या छोटीवर वेळ घालवला असता तर पाण्यात गेला असता." तो हात मला झटकता आला नाही. तसाच राहू दिला मी तो. याची लाज वाटायला हवी ती मला की कुणाला, ते तू ठरव, तुला दोन पदव्या आहेत.

मी पास झाले. आमच्या केंद्रातून मी एकटीच. घरी येऊन सांगितलं, तर काठी टेकत दारापर्यंत गेले आणि शेजारच्या काकूंना ओरडून म्हणाले, "पोरगा पास झाला माझा!" काकू माझ्याकडे बघून ओशाळल्या. मी चपला काढत होते.

नेमणूक दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर झाली आहे. खरं सांगते, मी जाणार नव्हते. नकाराचा अर्जही मनात तयार होता. बाबांना एकटं टाकून कुठे जाणार, तू तर येणार नाहीस. पण आज सकाळी मी केस मोकळे सोडले, त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, मी छोटी. मला एकदा घनता समजावून सांगा." तेवढं एक वाक्य ते मला, माझ्या नावाने, बोलले असते तर मी जन्मभर इथेच राहिले असते. त्यांनी बराच वेळ पाहिलं. ओळखलंही, मला दिसलं ते. मग हसले, अगदी मायेने, आणि म्हणाले, "तुला गं काय करायचंय ते?" म्हणून मी होकार कळवला आणि मग तुला लिहायला बसले. सोमवारी मी निघते. किल्ली काकूंकडे असेल, औषधं फ्रीजवर. सोमवारच्या आत येऊन पोच. मी विचारत नाहीये, दादा, कळवतेय.

तुझीच म्हणवत नाही आज, नुसतीच
धाकटी बहीण