ढगांसाठी घेतलेला कॅमेरा

काराकोल,
मंगळवार, सकाळ

प्रिय बुरुल,

हे पत्र तुला आज रात्री मिळेल. आमच्या गल्लीतला तालाय रोज दुपारी टॅक्सी भरून बिश्केकला येतो, त्याच्या हाती देते आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. तुझी लेक पेरिझात ठणठणीत आहे. आपली नात दूध पिते, झोपते, मुठी चोखते. पण बुरुल, मी घाबरले आहे. घाबरले आहे ती तिच्यासाठीच, तिच्या डाव्या डोळ्यासाठी. फोन का केला नाही म्हणशील. भिंतीपलीकडे पेरिझात असते, आणि माझा आवाज जरा हलला तरी तुला कळतो. वसतिगृहात सहा वर्षं शेजारच्या खाटेवर झोपलीस, तुझ्यापासून काय लपणार? या पाकिटात आणखी एक छोटं पाकीट आहे. पत्र वाचून होईपर्यंत ते उघडू नकोस.

तू माझ्यावर रागावली आहेस, तेही मी विसरलेले नाही. नात आठ दिवसांची होती तेव्हा तू सात तास गाडीत बसून आलीस आणि मी तुला फाटकातच अडवलं. शेजारणीच्या मयताला जाऊन आलीस असं तूच सांगितलंस, आणि मी म्हटलं, मयताच्या घरून आलेलं माणूस चाळीस दिवसांच्या आतल्या बाळाच्या खोलीत नको. तू म्हणालीस, "सोनुन, अगं परवाची गोष्ट आहे, दोनदा अंघोळ झाली माझी." मी ऐकलं नाही. चाळीस घरांतून मागून आणलेले कापडाचे चाळीस तुकडे तू दिलेस, बाळाच्या चाळिसाव्या दिवसाच्या सदऱ्यासाठी. ते बोचकं मी आत घेतलं आणि तुला बाहेर ठेवलं. पेरिझात खिडकीतून बघत होती. मैत्रिणी होतो तोवर ठीक होतं, विहिणी झालो आणि माझ्या अंगात सासू संचारली. तुझा राग खरा आहे, मी काही सारवासारव करत नाही.

आता कॅमेऱ्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. एकतीस वर्षं मी हवामान केंद्रात आकाशाकडे बघून वहीत ढग लिहिले. सेवानिवृत्त झाले तरी मान वरच. मनात होतं, आता हे ढग लिहायचे नाहीत, टिपायचे. माझा जेंगिश रशियातून, येकातेरिनबुर्गहून फोनवर हसला, "आई, हातात फोन असताना कॅमेरा कशाला? म्हातारपणी भलती हौस!" मेल्याला काय माहीत, फोनच्या पडद्यावर उन्हात काही दिसतच नाही आणि फोटोत सगळे ढग कणकेच्या गोळ्यासारखे येतात. बाजारात इस्मारचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे ना, दुंगान लोकांच्या खानावळीला लागून, तिथे तीन दिवस हेलपाटे घातले. एक मोठा होता, भिंगं बदलता येणारा, अठरा हजार सोमचा. हातात घेतला आणि परत ठेवला. माझी पेन्शन ती केवढी, ढग फुकट असले म्हणून काय झालं! दुसरा चकचकीत, पण त्याची बॅटरी आता मिळत नाही. तिसरा साडेसहा हजारांचा, काळा, ठोकळ्यासारखा. त्याला डोळा लावून बघायचं भोक होतं, म्हणजे उन्हाची अडचण नाही. आणि साधे पेन्सिल सेल लागत होते, ते कुठल्याही वाण्याकडे मिळतात. इस्मार माणूस खरा. म्हणाला, "ताई, याचं एक वाईट आहे. फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून आहे. अंधारात माणसांचे फोटो काढलेत तर सगळ्यांचे डोळे लाल येतील, भुतासारखे. मग मला शिव्या द्यायच्या नाहीत." मी म्हटलं, "बाबा रे, मला ढगांचे काढायचेत. ढगांना कुठे डोळे असतात?" दोघंही हसलो. घासाघीस करून सहा हजारांत घेतला.

आणि बुरुल, मग मी ते केलं जे मी साऱ्या घराला बजावलं होतं की करायचं नाही. चाळीस दिवस बाळाचा फोटो नको, दृष्ट लागते. बापाला फोनवर तोंड दाखवायलासुद्धा मी मनाई केली. जेंगिश रडकुंडीला आला तरी हट्ट सोडला नाही. गेल्या बुधवारी पेरिझात अंघोळीला गेली होती. पडदे ओढलेले, खोलीत अंधार. बाळ उशीवर जागं होतं, टकामका बघत होतं, आणि माझी नवी वस्तू माझ्या गळ्यात. एकच काढते म्हटलं, कुणाला कळतंय! फ्लॅश आपोआप पडतो हे मला ठाऊक नव्हतं. लख्ख उजेड झाला, बाळ दचकलं. फोटो मोठा करून पाहिला. उजवा डोळा लाल, इस्मार म्हणाला तसाच. डावा पांढरा. बुबुळाच्या मधोमध दुधाचा थेंब पडावा तसा.

पहिली भीती कसली वाटली माहीत आहे? मीच दृष्ट लावली. माझ्याच हातून झालं. इसिरिकची मूठभर पानं जाळून बाळावरून धूर फिरवला, तीन वेळा, खोकला येईपर्यंत. पेरिझात ओल्या केसांनी आली आणि म्हणाली, "आई, आज काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, माश्या झाल्यात." ऑक्टोबर संपत आला आणि माश्या!

मग मी स्वतःची समजूत घालायला लागले की कॅमेराच खराब आहे. फसवलं इस्मारने, जुना माल गळ्यात मारला. अल्लाकडे काय मागितलं असेन मी? माझे सहा हजार पाण्यात जाऊ देत, कॅमेरा भंगार निघू दे. दिवसभर घरात जो दिसेल त्याचा अंधारात फोटो काढला. पेरिझातचा काढला, तिला म्हटलं सराव करते आहे. दूध घालणाऱ्या झाम्बिलाचा काढला, ती किंचाळली, "अगं बाई, मी चेटकीण दिसते!" आरशापुढे उभी राहून माझा काढला. गोठ्यात जाऊन गायीचासुद्धा काढला. सगळ्यांचे दोन्ही डोळे सारखे; माणसांचे लाल, गायीचे हिरवे. पुढचे दोन दिवस बाळाचे आणखी चार काढले, या बाजूने, त्या बाजूने. दर वेळी डावा पांढरा. कॅमेरा अगदी धडधाकट आहे, बुरुल. इतका चांगला कॅमेरा मला नको होता.

शनिवारी तो घेऊन इस्मारकडे गेले आणि भांडायलाच उभी राहिले. तो आधी हसला, "सांगितलं होतं ना, भुतं येतील!" मग त्याने फोटो बघितला. पुन्हा बघितला. दुकानाचं दार लोटून घेतलं, मला स्टुलावर बसवलं, चहा दिला. म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल तर आत्ता पैसे परत देतो. पण कॅमेऱ्यात काही नाही. बाळाला दाखवा. आजच दाखवा."

काल दवाखान्यात गेले, एकटीच, फोटो घेऊन. डॉक्टरीणबाई वयस्कर आहेत, जेंगिशला गोवर झाला तेव्हापासूनच्या. त्यांनी चष्मा वर केला आणि फोटो डोळ्यांजवळ धरला. म्हणाल्या, उजेडाने हे होत नाही, तुमच्या फ्लॅशने तर नाहीच, ते डोक्यातून काढा. हे जन्मापासूनचं असेल. मोतीबिंदू असेल, तान्ह्या बाळांनाही असतो. नाहीतर आतमध्ये दुसरं काही असेल, ते मी न तपासता तोंडातून काढणार नाही. मी म्हटलं, बाळाचे अकरा दिवस राहिलेत, चाळीस झाले की लगेच नेते. तेव्हा त्या खेकसल्या माझ्यावर. "सोनुनबाई, मोतीबिंदू असेल तर त्या डोळ्याला बघायला शिकायचे दिवस हेच आहेत. ते गेले की नंतर काढूनही उपयोग नाही. आणि दुसरं असेल तर डोळ्याची नाही, जिवाची गोष्ट आहे. तुम्ही दिवस कसले मोजताय?" घरी आले, बाळाला मांडीवर घेतलं, ते माझ्याकडे बघून ओठ हलवत होतं. कोणत्या डोळ्याने बघत होतं, कोण जाणे.

चाळीस दिवस मी कधी मोडले नव्हते. माझ्या आईने मोडले नाहीत. मोडले आणि वाटेत थंडीवाऱ्याने काही झालं, तर ते माझ्याच माथी. न मोडता बसले आणि डोळा गेला, तर तेही माझ्याच माथी. रात्रभर हेच दळण चाललं होतं. पहाटे उठून तालायच्या भावाकडे गेले आणि उद्या सकाळची अख्खी टॅक्सी सांगून आले. दुपारपर्यंत आम्ही तिघी तुझ्याकडे पोचू. तू फक्त डोळ्यांच्या इस्पितळात लहान मुलांच्या विभागात जाऊन परवाचा नंबर लाव, त्या छोट्या पाकिटातला फोटो दाखव, रड, भांड, काय वाटेल ते कर. भांडण तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते सांगते. पेरिझातला अजून काही माहीत नाही. मी तिला म्हटलं, तुझ्या आईला फाटकातून परत पाठवलं, माझं चुकलं, चल नात दाखवायला जाऊ. ती इतकी खूश झाली आहे की सकाळपासून तुझ्यासाठी बोरसोक तळते आहे आणि गुणगुणते आहे, आणि ते गुणगुणणं ऐकून मला धडकी भरते. तिला तू सांग, बुरुल. आपल्या आईकडून ऐकलं तर ती कोसळणार नाही. आणि आणखी एक, हे मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही. बाळ बारा दिवसांचं असताना पेरिझात मला म्हणाली होती, "आई, हिचा हा डोळा मला जरा वेगळा वाटतो." मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, सोन्यासारख्या लेकराला नावं ठेवतेस, चाळीस दिवसांत असं अभद्र बोलायचं नसतं. तिने पुन्हा तोंड उघडलं नाही. अठरा दिवस झाले त्याला. ती उद्या हे आठवेल आणि विचारेल. तेव्हा तू काही बोलू नकोस, माझी बाजूही घेऊ नकोस. मला हाक मार. त्याचं उत्तर मीच देईन.

तुझीच,
सोनुन