डॉमिनोच्या टेबलावरचे साहेब

रादामेससाहेब,

माझ्या नेरेइदाला सरकारी इस्पितळात नर्सची नोकरी लागली, ती आम्हाला एक बोकड, तीन क्रेट बिअर आणि पांढऱ्या बुटांची जोडी एवढ्याला पडली. नेमणुकीच्या दिवशीच आम्ही अख्ख्या गल्लीला जेवण घातलं. पगार हातात पडेपर्यंत थांबायची आमच्याकडे रीतच नाही. बोकडाची मांडी तुम्ही खाल्लीत. वर म्हणालात, "फुलविओ, इस्पितळाचं पगाराचं खातं माझ्याकडेच आहे. पोरीचं नाव महिन्याभरात पगाराच्या यादीत चढवतो."

त्याला पाच महिने झाले. पोरगी अजून बसचे पैसे माझ्याकडे मागते, आणि मागताना खाली बघते. परवा म्हणाली, "पप्पा, यापेक्षा राजधानीत, सान्तो दोमिंगोला जाऊन लोकांची भांडी घासते."

आणि तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याच दुकानापुढे डॉमिनो खेळता! मी आत तांदूळ मोजत असलो तरी कान बाहेर असतात. शुक्रवारी तुम्ही हसत म्हणालात, "नव्या पोरींना जरा ताटकळत ठेवावं, म्हणजे मान देतात." लाज नाही वाटली? हातातली बिअर माझी होती, तीही फुकटची.

फुटपाथवर केळी विकून मी हे दुकान उभं केलं. आजवर कुणापुढे वाकलो नाही. उद्या आलात तर चारचौघांत टेबल उलथून टाकीन.

तुमच्यावर डूख धरून बसलेला,
फुलविओ

ता. क. आज तुम्ही आलात. पत्र खिशातच राहिलं. मी तुमची खुर्ची पुसून दिली आणि दोन डाव मुद्दाम हरलो.