टॉवेलच्या शिडीचं फिनिश

३ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी.

काम: बाथरूममध्ये टॉवेल गरम करायची शिडी बसवणे. भिंतीवर दोन उभे पाइप, मध्ये आडव्या दांड्या, आतून बॉयलरचं गरम पाणी. टॉवेलही गरम, खोलीही गरम.

माझी बायको डोरीन काल हॉस्पिटलमधून घरी आली. म्हटलं, काय हवं ते माग. ती म्हणाली, काही नको रे व्हर्नन, एकदा टबात गळ्यापर्यंत गरम पाण्यात पडायचंय, आणि बाहेर आल्यावर कुडकुडायचं नाहीय. बस्स.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ख्रिसमसचं काही ठरवू नका. बरोबरच आहे. ख्रिसमसला तशीही फार दगदग होते.

रविवारपर्यंत शिडी बसेल. चौतीस वर्षं प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा चढवायच्या, कारखान्यात काढलीत. फिनिशमधलं माझ्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या कीथली गावात नाही. हे मी नाही, डोरीन म्हणते. म्हणजे एकदा म्हणाली होती.

४ ऑक्टोबर

प्लंबर बॅराक्लफ आला. बाथरूम तापवणारा जुना रेडिएटर काढायला लावला. तो म्हणाला, नवीन येऊ दे की, एका फेरीत दोन्ही होईल. मी म्हटलं, अर्धं काम आधीच उरकलेलं बरं. पाइपांच्या टोकांना बुचं मारून गेला.

जाता जाता म्हणाला, मला विचारशील तर साध्या पोलादाची घे, पांढऱ्या रंगाची. क्रोमपेक्षा चांगली चौथाईने जास्त ऊब देते.

रंग! ज्या हातांनी जन्मभर क्रोम चढवला, त्या हातांनी रंगवलेली शिडी घरात आणायची? हसलो. चहा दिला. बिस्कीट दिलं नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

शिडी बसली नाही. तीन दिवसांत काय होतं? घाईचं काम कच्चं. डोरीनची आंघोळ पुढच्या रविवारी. ती म्हणाली, बरं.

यॉर्कशायर पुडिंगचे दोन घास खाल्ले तिने. मागच्या रविवारी हॉस्पिटलात एकच खाल्ला होता. म्हणजे दुप्पट.

११ ऑक्टोबर

ब्रॅडफर्डच्या शोरूमला जाऊन आलो. पंधरा प्रकार पाहिले. तिथली विक्रेती मुलगी म्हणाली, सध्या मॅट ब्लॅक चालतो. चालत असेल. मला जळका टोस्ट वाटला. ब्रश्ड निकेल: कुणी तारेच्या घासणीने घासून तसंच टाकून दिलंय. तांबं: दारूचा गुत्ता. स्टेनलेस स्टील: प्रामाणिक आहे, पण हॉस्पिटलातली ट्रॉली.

निर्णय जवळजवळ झाला. नमुन्याचे नऊ तुकडे घरी आणले.

१२ ऑक्टोबर

नमुने डोरीनच्या रजईवर ओळीने मांडले. एकेक हातात दिला. तिने पांढरा उचलला. म्हणाली, हा बरा वाटतो हाताला. मी नीट समजावून सांगितलं की पांढरा का नाही. ती म्हणाली, मग मला विचारतोस कशाला?

औषधांनी ती हल्ली चिडचिड करते.

१६ ऑक्टोबर

नर्स मॉयरा आली. सरकारकडून घरी येते ती. बाथरूममध्ये गेली आणि पाऊल टाकल्या टाकल्या बाहेर. म्हणे, हा काय बर्फाचा कारखाना आहे? इथे मी बाईंना उघडं करणार नाही. पातेल्यात पाणी आणून पलंगावरच अंग पुसून दिलं.

मग मला जिन्यात गाठलं. म्हणाली, मिस्टर होल्ड्सवर्थ, आपण आता आठवड्यांच्या गोष्टी करतोय हं, महिन्यांच्या नाही. मी म्हटलं, अगदी माझ्या मनातलं बोललात, महिने लागण्यासारखं प्लंबिंगमध्ये काही नाहीच. व्यवहारी बाई आहे.

१९ ऑक्टोबर

निर्णय! पितळेची. त्यावर निकेल, त्यावर क्रोम. पंचवीस वर्षांची गॅरंटी. ऑर्डर देऊन टाकली. डोरीनला गॅरंटीचा कागद मोठ्याने वाचून दाखवला.

म्हणाली, पंचवीस? आणि हसायला लागली. किती दिवसांनी हसली. खोकला येईपर्यंत हसली, मग डोळे पुसले. तिलाही पटलेलं दिसतंय.

२३ ऑक्टोबर

शेजारची ऑड्री ग्रीनवुड दारात. तिची योजना: तिचा विजेचा हीटर बाथरूमच्या दाराबाहेर लावायचा, तिने आणि मॉयराने मिळून डोरीनला टबात बसवायचं, टॉवेल तिच्या ड्रायरमधून गरमागरम आणायचे. म्हणे, अर्ध्या तासाचं काम आहे.

आभार मानले, नको म्हटलं. तात्पुरत्या सोयी केल्या की माणूस मुख्य कामात ढिला पडतो. ती म्हणाली, व्हर्नन, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी शेजाऱ्यांशी वाद घालत नाही.

डोरीनने विचारलं, ऑड्री कशाला आली होती? म्हटलं, सहज.

२९ ऑक्टोबर

बॅराक्लफ माप घ्यायला आला. भिंतीवर टकटक केलं, तोंड वाकडं केलं. भिंत पातळ, शिडी पितळेची. म्हणे, नाकापेक्षा मोती जड होतोय. भिंतीच्या आत फळी ठोकावी लागणार, त्याला आठवडा.

मग हळूच म्हणाला, माझ्या व्हॅनमध्ये एक पांढरी पडलीय, कुणाच्या तरी कामातून उरलेली. तासाभरात बसवतो. वहिनींची आंघोळ होऊ दे. तुझी पितळेची आली की ही काढून टाकू.

म्हटलं, एकाच भिंतीला दोनदा भोकं पाडायची नाहीत. तत्त्व आहे.

त्याने चहा अर्धा टाकला. याआधी असं कधी केलं नव्हतं.

५ नोव्हेंबर

फळी बसली. उत्तम काम.

आज हॉस्पिटलची माणसं खालीवर होणारा पलंग घेऊन आली आणि पुढच्या खोलीत लावला. डोरीन आता खाली. तात्पुरतं.

पाच नोव्हेंबरची रात्र, दरवर्षीप्रमाणे सगळीकडे शेकोट्या, आतषबाजी. ग्रीनवुडांची रॉकेटं खिडकीतून छान दिसत होती. डोरीन म्हणाली, आता जिना चढणं काही मला जमायचं नाही. मी म्हटलं, शिडी आली की मी तुला उचलून वर नेईन. वाटलं होतं, माझ्या दुखऱ्या कमरेवरून टोमणा मारेल. ती म्हणाली, नेशील की. आता वजन उरलंय कुठे.

कमरेचे व्यायाम उद्यापासून.

१२ नोव्हेंबर, सकाळी दहा

आली! खोकं पुढच्या खोलीत, डोरीनच्या समोरच उघडलं. काय जडपणा, काय झळाळी! मॉयरापण होती. बॅराक्लफ हत्यारं घेऊन हजर.

त्याच दिवशी, अकरा

तिसऱ्या दांडीच्या खालच्या अंगाला धूसर डाग. नखाएवढा. निकेल चढवताना द्रावणाचा हौद नीट ढवळला नाही की असं होतं. आमच्या कारखान्यात असा माल दाराबाहेर पडला नसता.

बॅराक्लफला दाखवला. म्हणे, कुठे? दिव्याखाली धरून दाखवला. म्हणे, कुठे? मॉयरालाही दिसेना. लोकांना नजरच नसते.

डोरीन म्हणाली, लाव ना रे. आजच लाव. नाहीतरी तिथे टॉवेल येणार वरून.

मी म्हटलं, तुझ्यासाठी डागाळलेला माल? शक्य नाही. परत पाठवली. दहा दिवसांत दुसरी देतात.

खोकं पुन्हा व्हॅनमध्ये चढवताना बॅराक्लफ म्हणाला, बघ हं, वरातीमागून घोडं येईल. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मूर्ख म्हणाला मला. तोंडावर.

आत आलो तर डोरीनने भिंतीकडे तोंड केलं होतं. झोप लागली असावी.

१८ नोव्हेंबर, रविवार

सराव. बटाट्याचं पोतं खांद्यावर घेऊन जिना तीनदा चढलो. दुसऱ्या खेपेला गुडघा आपटला. डोरीन जागी झाली नाही. हल्ली चांगली झोपते.

मॉयरा आता दिवसातून दोनदा येते. मागितलं नव्हतं. सेवा खरंच सुधारलीय.

शोरूमला फोन केला. गुरुवारी किंवा शुक्रवारी नक्की.

२१ नोव्हेंबर, दुपार

तिचे पाय गार पडलेत. दोन मोजे घातले, वर माझा स्वेटर गुंडाळला. उपयोग नाही.

चारच्या सुमाराला डोळे उघडले. विचारलं, पाणी सोडलंस का टबात?

मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

म्हणाली, फार कढत नको करूस. आणि टॉवेल मोठा घे.

हो म्हटलं.

२२ नोव्हेंबर

सकाळी सव्वासहाला डोरीन गेली.

२३ नोव्हेंबर

शिडी आली. ड्रायव्हर म्हणाला, उघडून तपासून सही करा. तशीच सही केली. खोकं पॅसेजमध्ये आहे. येताजाता पाय लागतो.

ऑड्री सूप देऊन गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर

अंत्यविधीवाले मिस्टर लिस्टर आले. त्यांनी शवपेटीची लाकडं सांगितली, मग नमुन्यांच्या वहीत पेटी उचलायच्या कड्यांचं पान उघडलं. क्रोम, निकेल, पितळ, जुनं पितळ. म्हणाले, तुम्ही यातले जाणकार असं शेजारच्या बाई सांगत होत्या, सावकाश निवडा. एक नमुना हातात दिला. हलका लागला. प्लास्टिक, वरून मुलामा. दहनाला धातू चालत नाही म्हणाले.

म्हटलं, हेच लावा.

बाकीचे बघायचे नाहीत का? म्हटलं, नाही. उजेडात धरलंही नाही.

एक मिनिटसुद्धा लागलं नाही. हे एक मिनिट मला ऑक्टोबरात सापडलं असतं तर डोरीनला तिची आंघोळ मिळाली असती. एकच मागितली होती तिने. रेडिएटर मी काढला. हीटर मी नाकारला. व्हॅनमधली पांढरी मी नाकारली. कुणाचंच यात काही चुकलं नाही, माझ्याशिवाय.

मग त्यांनी विचारलं, आम्ही बाईंना आंघोळ घालून, त्यांचे कपडे घालून तयार करतो, त्याबद्दल काही खास सूचना?

म्हटलं, पाणी गरम घ्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लिहून घेतलं.