नायकाच्या कानातला वाटाणा

मेक्सिको सिटी, मंगळवार

लाडक्या ओतिलिया,

मी ठणठणीत आहे. मालिकेत आंधळ्या नायिकेला मी जिन्यावरून ढकललं म्हणून आई अजून रुसलीय का? शेवटच्या भागात मी जळून मरणार आहे, तेव्हा तरी निवळ म्हणावं. इथली मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले विकणारीही म्हणते, "कैदाशिणी, तुला नाही विकत." आणि आमच्या नायकाला, लिआंद्रोला, फुकट खाऊ घालते.

त्या ठोंब्याचं सांगते. आम्हा सगळ्यांच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र असतं. आतून एकजण वाक्य पुटपुटतो, आम्ही ते म्हणतो. पण आम्ही निदान आधी वाचून येतो; हा दर वेळी कानात वाक्य येईपर्यंत थांबतो. काल हा नायिकेचे हात धरून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तुझ्यावाचून मी जगणार नाही, आता डावीकडे वळ आणि रड." आतली सूचनाही बोलून मोकळा. अशावर अख्खा देश जीव टाकतो. माझी खलनायिका दुष्ट असेल, पण तिला काय हवंय ते तिचं तिला कळतं.

तुझा फिदेन्सियो खिडकीखाली गाणारे आणतो, रडतो, हे तुझ्या पत्रात वाचलं. लग्नानंतर वेगळं घर करायचं का, असं तू विचारलंस तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, त्यानं स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आपल्या आईकडे बघितलं, आणि मग म्हणाला, "आपण इथेच राहू."

असं थांबणं मी रोज बघते, बाई. नायिकेला आंधळं व्हायचे पैसे मिळतात. तू फुकट होऊ नकोस.

आईच्या गालाला माझा गाल लावून ये, ती नको म्हणाली तरी.

तुझी थोरली,
रेमेदिओस