राउंड शेवटी, एकदाच

१२ जानेवारी, रविवार, सकाळी ६.४०
कामावर, ट्रकच्या वजनकाट्यावर, एकही गाडी नाही, म्हणून गणित सोडवत बसलो होतो. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, ब्रेक लावल्यावर १२० मीटरवर थांबते. मंदन किती? माझं उत्तर ०.८२. पुस्तकात ०.८०. तीनदा केलं, तीनदा ०.८२! रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेत असेच जवळजवळचे पर्याय देतात. आणि वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची परीक्षा.

१३ जानेवारी
ताहेरा मॅडमकडे गेलो. शाळेतून निवृत्त झाल्या, आमच्याच गल्लीत राहतात. वही पाहून म्हणाल्या, "१३.८८८ चे १४ कोणी केले?"
मीच.
"काऊन केले?"
काट्यावर तसंच असतं! भरलेल्या गाडीचं वजन आलं की लगेच दहाच्या आकड्यावर आणायचं. रिकाम्या गाडीचंही तसंच. मग वजाबाकी. मालक किसनरावांची पद्धत. हात आपोआप तसाच चालतो.
"ते काट्यावर. इथं सगळं होऊ दे, राउंड शेवटी, एकदाच."
१३.८८८ ठेवून केलं. ०.८०३ आणि पुढे! मी घाईत ०.८ लिहिलं. "शून्य काऊन खाल्लं? भूक लागली काय रे हर्षल?" दोन सार्थ अंक हवे होते, शून्यही मोजायचं. मग खरंच पोहे दिले. फीचं विचारलं तर रागावल्या. रोज संध्याकाळी ये म्हणाल्या!

२ फेब्रुवारी
किसनराव सगळ्यांसमोर — "काय बे पायलट, विमान कधी उडवतं?" रेल्वेचं आहे म्हटलं. "मंग मले नागपूरले फुकट नेजो." सगळे हसले. सुट्टी मात्र मागितली तेवढी दिली. मनाने मोठा माणूस.

६ मे
पेपर झाला. मंदनाचं गणित आलं होतं. मध्ये कुठेच राउंड केलं नाही.

९ ऑक्टोबर
पास!! मॅडमनी डोक्यावर हात ठेवला. आता फक्त वैद्यकीय तपासणी.

१८ नोव्हेंबर
डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली. प्रत्येक पानात एक आकडा असतो म्हणे. मला नुसते ठिपके दिसले. लाल-हिरवं मला वेगळं ओळखता येत नाही — इतक्या वर्षांत कधी कळलंच नाही. इंजिनावर जाता येणार नाही. बाकावर बसून रडलो. पण लाल सिग्नल हिरवा समजलो असतो तर? मागच्या डब्यांत माणसं असती! आजच कळलं, हे उपकारच. पुन्हा आत गेलो आणि डॉक्टरांना नमस्कार केला.